उन्हाळ्यात कुत्र्याचे केस काढावेत का? नागपूरच्या हवेत कुत्र्याची निगा

प्रश्न : आमच्याकडे ४ वर्षांचा गोल्डन रिट्रीव्हर आहे. एप्रिल लागल्यापासून तो कूलरसमोरून हलत नाही आणि घरभर केसांचे पुंजके उडत असतात. शेजारच्यांनी त्यांच्या कुत्र्याचे केस मशीनने पूर्ण काढून टाकले. आम्हीही काढावेत का? सासरे म्हणतात, गावच्या वाड्यावर कुत्री होती, त्यांना कोणी कधी विंचरले नाही, तरी ती १०-१२ वर्षे जगली. हे सगळे शहरी चोचले आहेत. शिवाय हल्ली तो मागच्या पायांना हात लावू देत नाही. नेमके काय करावे आणि किती करावे? (मनीषनगर, नागपूर)

उत्तर :

ताई, केस मुळापासून काढू नका. आपल्या प्रश्नातील ही एकच गोष्ट घाईची आहे, म्हणून ती आधी सांगितली. शेजाऱ्यांचा कुत्रा शिह त्झू किंवा ल्हासा यांसारख्या, केस सतत वाढत राहणाऱ्या जातीचा असेल तर त्यांनी केले ते चुकीचे नाही. पण तोच न्याय गोल्डन रिट्रीव्हरला लागू होत नाही.

गोल्डनच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब, जाडसर आणि किंचित तेलकट असतात, तर त्यांच्याखाली कापसासारखी मऊ, दाट लव असते. हे दुहेरी आवरण केवळ थंडीसाठी असते असा बहुतेकांचा समज असतो. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात भर मे महिन्यात शिरल्यावर जो गारवा जाणवतो तो जाड भिंतींमुळे, कारण बाहेरची उष्णता त्या आत येऊ देत नाहीत. वरच्या केसांचेही काहीसे तसेच आहे. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारचा पारा ४५ अंशांपर्यंत, कधी त्याच्याही वर जातो. भोवतालची हवाच अंगापेक्षा तापलेली असताना उघडी कातडी अंगातली उष्णता बाहेर टाकण्याऐवजी बाहेरचीच आत घेते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घामही येत नाही; तो फक्त पंजांच्या गाद्यांना थोडासा येतो आणि अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर पडते. त्यामुळे केस काढले की वारा लागून त्याला गार वाटेल, हा आपल्या घामाच्या अनुभवावरून काढलेला निष्कर्ष आहे. शिवाय उघड्या पडलेल्या फिकट कातडीला ऊन पोळते. केस परत येतात तेव्हाही खालची लव आधी वाढते, वरचे केस मागे पडतात आणि काही कुत्र्यांच्या अंगावर कित्येक महिने विरळ, खरखरीत, ठिगळासारखे केस राहतात.

मात्र हे आवरण मोकळे असेल तरच उपयोगाचे. आपण मार्चमध्ये कूलरच्या ताट्या का बदलतो? जुन्या ताट्यांमध्ये क्षार आणि धूळ बसून हवा खेळेनाशी होते म्हणून. आपल्या कुत्र्याच्या अंगावर सध्या तेच झाले आहे. हिवाळ्यात वाढलेली लव सुटली आहे. तिच्यातली थोडी फरशीवर पडते आहे आणि उरलेली वरच्या केसांत अडकून कातडीवर गच्च बसली आहे. ती विंचरून काढली की कातडीपर्यंत हवा पोचते आणि घरभर उडणारे पुंजकेही निम्म्याहून कमी होतात. कात्री वा मशीन चालवायचीच असेल तर बोटांमधले केस, कानांमागचे केस, शेपटीखालचा भाग आणि फार तर गार फरशीला टेकणारा पोटाचा भाग, एवढ्यापुरतीच चालवावी.

आता आपल्या सासऱ्यांच्या म्हणण्याविषयी. ते उडवून लावण्यासारखे मुळीच नाही. गावठी कुत्र्याचे केस आखूड व अंगाला चिकटून असतात, त्याची नखे दिवसभर मुरूम-दगडांवर झिजतात, कान उभे असल्यामुळे त्यांत हवा खेळते, आणि या मातीत पिढ्यान्‌पिढ्या तगून राहिलेले त्याचे शरीर इथल्या हवेला साजेसे झालेले असते. गोल्डन रिट्रीव्हर ही जात स्कॉटलंडच्या थंड प्रदेशात १९व्या शतकात, शिकार केलेले पक्षी पाण्यातून आणि झुडपांतून उचलून आणण्यासाठी पैदा केली गेली. तो कुत्रा आपण नागपुरात, गुळगुळीत टाइल्सच्या फ्लॅटमध्ये आणला आहे. त्याचे काम सुटले, हवा बदलली, नखे झिजवणारी जमीन गेली. या बदलांची भरपाई माणसानेच हाताने करायची असते. राहता राहिला आयुष्याचा मुद्दा. वाड्यावरची १२ वर्षे जगलेली कुत्री सर्वांच्या लक्षात राहतात. ज्यांना कानात गोचीड भरून किंवा जखमेत अळ्या पडून मरण आले त्यांची नोंद कोणी ठेवलेली नसते. हे सासऱ्यांना सांगताना जरा बेताने सांगावे.

केस विंचरण्याला मी महत्त्व देतो ते कुत्रा सुंदर दिसावा म्हणून नव्हे. आपल्या प्राण्याच्या अंगावरून आठवड्यातून तीन वेळा, कातडीपर्यंत, नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवण्याचे ते एक निमित्त आहे. माझ्याकडे वर्षातून दोनदा लसीकरणासाठी येणाऱ्या कुत्र्याला मी फार तर पंधरा मिनिटे हात लावतो. आजार बहुतेक वेळा त्या पंधरा मिनिटांची वाट पाहत नाही. अजनीतील एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आपल्या लॅब्रॅडॉरला रोज सकाळी व्हरांड्यात बसवून विंचरत असत. एका पावसाळ्यात ते कुत्र्याला घेऊन आले आणि म्हणाले, "डॉक्टर, काल पोटावर हे नव्हते." पोटाच्या कातडीवर टाचणी टोचल्यासारखे बारीक लाल ठिपके होते. कुत्रा जेवत होता, खेळत होता, ताप फारसा नव्हता. रक्त तपासले तेव्हा प्लेटलेट खूप खाली आल्या होत्या. गोचिडांतून येणाऱ्या एर्लिचिया या जिवाणूचा आजार होता. डॉक्सिसायक्लिनचा चार आठवड्यांचा औषधोपचार लगेच सुरू झाला आणि कुत्रा बरा झाला. याच आजाराचे कुत्रे मी नाकातून रक्त वाहू लागल्यावर, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्यावर आणलेलेही पाहिले आहेत, आणि त्यांतले सगळे वाचवता आले नाहीत. त्या गृहस्थांकडे साधा ब्रश होता आणि काल पोटावर काय नव्हते याची आठवण होती.

म्हणून विंचरताना हातांना कामाला लावा. जबड्याखाली, खांद्यापुढे आणि मागच्या गुडघ्यामागे लसीका ग्रंथी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या लहान गाठी असतात. त्या नेहमी केवढ्या लागतात हे एकदा ओळखीचे झाले की सुजल्यावर चटकन कळते. कातडीखाली गाठ लागली तर तिचा आकार वाटाण्याएवढा, सुपारीएवढा असा तारखेसह लिहून ठेवा. ती वाढते की नाही याची वाट न पाहता दाखवावी, कारण मऊ, निरुपद्रवी चरबीची गाठ आणि घातक गाठ यांतला फरक बोटांनी खात्रीने करता येत नाही, मलाही नाही. त्यासाठी सुई घालून पेशी तपासाव्या लागतात. दोन्ही बाजूंना सारखेच केस गळत असतील आणि शेपूट उंदराच्या शेपटीसारखी उघडी पडत असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. खूप खाज असून कानांच्या कडांवर आणि कोपरांवर खपल्या धरल्या असतील, आणि घरातल्या माणसांनाही खाजू लागले असेल, तर ती खरूज असण्याची शक्यता मोठी असते.

गोचिडांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण नागपुरात त्यांचा उपद्रव वर्षभर असतो आणि पहिल्या पावसानंतर तो एकदम वाढतो. आपल्याकडे कुत्र्यांवर आढळणारी तपकिरी गोचीड आपल्या आयुष्याचा बराचसा काळ कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, पायपुसण्याखाली काढते. रक्त पिऊन टरारलेली मादी खाली उतरते आणि हजारांच्या घरात अंडी घालून मरते. त्यामुळे कुत्र्याच्या अंगावरच्या दहा गोचिडी काढल्याने प्रश्न सुटत नाही. घराच्या फटी आणि कुत्र्याचे अंथरूण यांवरही त्याच वेळी उपाय करावा लागतो. अंगावर शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत : कानाच्या आतल्या घड्या, बोटांच्या बेचक्या, गळपट्ट्याखालचा भाग, काखा, जांघा आणि शेपटीचे मूळ. चिमट्याने कातडीला अगदी लागून धरावे, सरळ ओढावे, आणि काढलेली गोचीड बोटांनी न चिरडता स्पिरिटमध्ये टाकावी. रॉकेल, फिनाइल, डांबराच्या गोळ्यांचे पाणी हे उपाय आजही सुचवले जातात. रॉकेलने कातडी भाजते आणि कुत्रा ते चाटतो तेव्हा ते फुप्फुसांतही जाऊ शकते. गोचिडी सोडवायला म्हणून रॉकेल लावलेला कुत्रा श्वासासाठी तडफडताना मी पाहिला आहे. मानेवर टाकायचे थेंब किंवा तोंडाने द्यायच्या गोळ्या आता सहज मिळतात, मात्र त्या वजनानुसार आणि डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात. झटके येणाऱ्या कुत्र्याला काही गोळ्या चालत नाहीत आणि कोली या मेंढपाळी जातीच्या वंशातल्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन हे परजीवींवरचे औषध जिवावर बेतू शकते. थेंब टाकणार असाल तर त्याआधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको.

विंचरण्याची पद्धत सोपी आहे, पण वरवरून ब्रश फिरवण्याची सवय सोडावी लागते. एका हाताने केस उलटे धरावेत, कातडी दिसेल अशी रेघ पाडावी आणि त्या रेघेपासून थोडे थोडे केस खाली सोडत विंचरावे. आधी बारीक तारांचा ब्रश आणि शेवटी रुंद दातांची स्टीलची फणी; फणी कुठेही न अडकता फिरली की तेवढा भाग झाला. आपल्या कुत्र्याला एरवी आठवड्यातून तीन वेळा पंधरा-वीस मिनिटे पुरतील, पण सध्या केस गळण्याचे दिवस असल्यामुळे महिनाभर रोज करावे. जटा लागलीच तर ती बोटांनी मुळाशी धरून टोकाकडून सोडवत आणावी. कात्रीने कापण्याचा मोह टाळावा, कारण जटेत कातडीही ओढली गेलेली असते आणि अशी कापलेली कातडी शिवायला पुढे माझ्याकडेच यावे लागते. जटा ही नुसती दिसायला वाईट असते असेही नाही. ती चालताना प्रत्येक पावलागणिक कातडी ओढते, तिच्याखाली ओल धरते, आणि पावसाळ्यात त्या ओलीत आधी चिघळलेला लाल चट्टा आणि मग अळ्या पडतात. एका ल्हासाच्या काखेतली जटा काढल्यावर खाली बोट जाईल एवढा खड्डा निघाला होता. घरातली मंडळी प्रेमळ होती. कुत्रा "म्हातारपणामुळे चिडचिडा झाला" असे त्यांना वाटत होते.

आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरते. आंघोळीआधी विंचरणे आवश्यकच आहे, कारण गुंता भिजला की त्याचा नमदा होतो. माणसांचा शॅम्पू, डेटॉल, भांड्यांचा साबण हे काहीही वापरू नये. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा बरीच पातळ असते आणि तिचा आम्ल-विम्ल तोलही वेगळा असतो, त्यामुळे आपल्याला सोसणारा साबण तिला कोरडी करून खाजवायला लावतो. औषधी शॅम्पू दिला असेल तर तो दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा, नाहीतर पैसे नाल्यात जातात. नागपूरपुरती एक सूचना : उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी पोळण्याइतके तापलेले असते, म्हणून आंघोळ सकाळीच घालावी आणि पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन पाहावे. नंतर मात्र अंग मुळापर्यंत कोरडे करावे. ओल्या कुत्र्याला कूलरसमोर बसवले की तो वाळेल असे वाटते, प्रत्यक्षात कूलरची हवाच दमट असते. वरचे केस सुकतात, खालची लव ओलीच राहते. टॉवेलने टिपून, नंतर पंख्याखाली उलटे विंचरत वाळवणे उत्तम.

कानांकडे गोल्डनच्या मालकाने विशेष लक्ष द्यावे. कुत्र्याच्या कानाची नळी सरळ नसून इंग्रजी 'एल' अक्षरासारखी वळलेली असते, आणि वरून लोंबणारी पाळी तिच्यावर झाकण घालते. आत गेलेले पाणी बाहेर येत नाही. आठवड्याला पाळी उलटून वास घ्यावा. निरोगी कानाला जवळपास वास नसतो. आंबूस किंवा कुबट वास, तपकिरी मळ, सतत डोके झटकणे यांपैकी काहीही असेल तर स्वच्छ करण्याऐवजी आधी दाखवावे. कापसाच्या काड्या आत घालू नयेत, त्यांनी मळ आणखी खोल ढकलला जातो.

नखांसाठी आपले कानच पुरेत : टाइल्सवरून चालताना टकटक आवाज येऊ लागला की नखे वाढली. वाढलेल्या नखांमुळे बोटे मागे रेटली जातात आणि कुत्रा चालण्याची ढबच बदलतो. पांढऱ्या नखांत आतली गुलाबी रक्तवाहिनी दिसते; काळ्या नखांत ती दिसत नाही म्हणून एका वेळी अगदी थोडे कापावे. रक्त आलेच तर तुरटीची पूड दाबून धरावी. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचे, जमिनीला न टेकणारे नख विसरू नये, ते गोल वळून मांसात शिरते. दातांना कुत्र्यांची पेस्ट रोज लावता आली तर फारच छान. माणसांची पेस्ट नको, कारण तो ती गिळतो आणि झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असलेली पेस्ट त्याला विषासारखी असते.

पावसाळा सरला की सप्टेंबरअखेरपासून नागपुरात एक वेगळीच डोकेदुखी सुरू होते, ती म्हणजे कुसळे. सेमिनरी हिल्स, अंबाझरी किंवा शहराबाहेरच्या मोकळ्या ले-आउटमधल्या गवतातून फिरून आलेल्या कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत ती अडकतात. कुसळाची रचनाच अशी असते की ते पुढे सरकते, मागे येत नाही. बेचकीत पू झालेला फोड वारंवार होतो, औषधाने बसतो आणि पुन्हा उठतो, तेव्हा आत बहुधा कुसळ असते. फिरून आल्यावर दारातच दोन मिनिटे चारही पंजे उलटून पाहिले तर ही शस्त्रक्रिया टळते. हिवाळ्यात फारसे काही लागत नाही. कोरड्या हवेने थोडा कोंडा होतो, एवढेच.

घरी सगळे जमेलच असे नाही, आणि दोन महिन्यांतून एकदा व्यावसायिक ग्रूमरकडे नेणे हा चोचला नाही. पण जागा निवडताना सुगंध आणि फोटो पाहू नका. कुत्र्याला वाळवतात कसे, हे विचारा. गरम हवेच्या बंद पेटीत ठेवून निघून जात असतील तर परत फिरा. पग आणि बुलडॉगसारखी चपट्या नाकाची कुत्री अशा पेटीत उष्माघाताने दगावू शकतात. आपल्याला आत थांबू देतात का हेही पाहा. शांत राहण्यासाठी "थोडे औषध" देण्याची तयारी कोणी दाखवली तर नकार द्या. भूल देण्याचा निर्णय तपासणीनंतर पशुवैद्यानेच घ्यायचा असतो. गुदद्वाराशेजारच्या गुदग्रंथी प्रत्येक भेटीत पिळून घेण्याचीही गरज नाही. कुत्रा पार्श्वभाग फरशीवर घासत नसेल तर त्यांना सुखाने राहू द्यावे.

शेवटी मागच्या पायांविषयी. आपण हे प्रश्नाच्या टोकाला, सहज लिहिले आहे. मला मात्र तीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटली. लहानपणापासून हाताळून घेणारा कुत्रा "हल्ली" हात लावू देत नसेल तर तो हट्ट आहे असे धरून चालू नये. गोल्डनमध्ये खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो, आणि तो असलेला कुत्रा मागचा पाय उचलू देत नाही कारण त्याला दुखते. बसलेला उठताना तो पुढच्या पायांवर जोर देतो का, सोफ्यावर उडी मारणे अलीकडे सोडले आहे का, पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकत्र टाकतो का, हे दोन दिवस पाहा आणि जमल्यास मोबाइलवर चित्रीकरण करा. जांघेत गोचीड, मांडीच्या मागच्या केसांत जटा किंवा बेचकीत फोड हीसुद्धा कारणे असू शकतात, आणि ती तुलनेने सुटसुटीत आहेत. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे किंवा सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या चिकित्सालयात त्याला दाखवून घ्या. गरज वाटल्यास ते खुब्याचा एक्स-रे काढतील. तोपर्यंत मागचे पाय सोडून बाकीचे अंग विंचरत राहा, सकाळी, कूलर सुरू करण्याआधी.